मदत हवी आहे: एआयओ_एरर शून्य देतच नाही, काट्याचा प्रोग्राम अडकतो

काटेवाला_हिंगणघाट: जिनिंगच्या वजनकाट्यावर माझा सी-मधला प्रोग्राम चालतो. वजन आलं की एआयओ_राइटनं (लिहायचं काम मागं चालू ठेवणारं फंक्शन) फाइलीत टाकतो आणि एआयओ_एरर (ते काम झालं का सांगणारं फंक्शन) शून्य देईपर्यंत लूपमध्ये थांबतो. आज सकाळपासून तिथंच अडकून बसतो. पी-एरर (शेवटची चूक छापणारं फंक्शन) लावलं तर 'सक्सेस' छापतं! कापसाच्या गाड्या पार रोडवर गेल्या. लवकर सांगा.

आर्वीकर: कोणतं लिनक्स? लिहितोस कुठं? लूपची ओळ जशीच्या तशी टाक ना भाऊ.

वऱ्हाडी_कोडर: एआयओ सोडा. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, त्यासाठी आतून थ्रेडच चालवते. त्याच कामाचं आयओ_यूरिंग घ्या, 2019 पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे.

जुना_सिस्टमवाला: गाड्या उभ्या असताना त्यानं प्रोग्राम नव्यानं लिहायचा काय?

यवतमाळकर: यूपीएस आहे का? आमच्याकडं लाइन गेली न् दिवसभराच्या पावत्या गेल्या. एआयओ_एररनं शून्य दिलं म्हणजे डिस्कवर उतरलंच असं नाही. एआयओ_एफसिंक करत जा.

काटेवाला_हिंगणघाट: लाइन आहे, यूपीएस पण आहे. उबुंटू 20.04. ओळ ही:
व्हाइल (एआयओ_एरर(&सीबी) != 0);

आर्वीकर: इथंच घोळ आहे. काम चालू असेपर्यंत ईइनप्रोग्रेस येतं, म्हणजे लिनक्सवर 115. काम फसलं की त्या चुकीचा नंबर येतो, आणि कितीदाही विचार, तोच येतो. शून्य येणार कुठून? हा नंबर फंक्शन परत देतं, एररनोत (चुकीचा नंबर ठेवायचं व्हेरिएबल) टाकत नाही; पी-एरर तिथूनच वाचतं, म्हणून सक्सेस म्हणतं. नंबर छापून पाहा.

काटेवाला_हिंगणघाट: 28

आर्वीकर: ईनोएसपीसी. जागा संपली. लिहितोस कुठं ते अजून सांगितलं नाहीस.

काटेवाला_हिंगणघाट: पेनड्राइव्हवर. शेठजी रोज संध्याकाळी घरी नेतात. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, 100% भरला आहे.

जुना_सिस्टमवाला: लूप ईइनप्रोग्रेस असेपर्यंतच फिरव, तोही एआयओ_सस्पेंडनं थांबत. नुसता फिरवला तर प्रोसेसरचा एक कोर पूर्ण खातो. मग एआयओ_रिटर्न (किती बाइट गेले ते देणारं फंक्शन) एकदाच बोलव, दुसऱ्यांदा नाही, आणि जितके बाइट दिले तितकेच गेले का ते जुळव. कमी गेले तर ती पावती अर्धीच लिहिली गेली. शेतकऱ्याचं वजन आहे ते.

वऱ्हाडी_कोडर: यूरिंगमध्ये -28 सरळ सीक्यूईच्या (काम संपल्याची नोंद) 'रेस' या रकान्यात दिसलं असतं.

जुना_सिस्टमवाला: पेनड्राइव्ह तरीही भरलेलाच राहिला असता.

काटेवाला_हिंगणघाट: नवा पेनड्राइव्ह लावला, चाललं. अडकलेली गाडी पुन्हा काट्यावर घेतली. लूप रात्री बदलतो.

यवतमाळकर: तिकडं आज काय भाव निघाला?