मदत हवी आहे: पोर्तुगीज बोलणाऱ्यांना हॉटेलचं इंग्रजी शिकवायचंय

घाईगडबड:
सोमवारपासून ऑनलाइन बॅच आहे. विद्यार्थी पोर्तुगीज बोलणारे, हॉटेलपुरतं इंग्रजी हवंय. तयार शब्दयादी आहे का कुणाकडे? नेटवरच्या पाहिल्या, सगळ्या एकाच छापाच्या. प्लीज लवकर.

कोरा कागद:
मेन्यूकार्डापासून सुरू करा. स्टार्टर, मेन कोर्स, साइड. स्टेक मागवला तर रेअर, मीडियम, वेल डन यातला फरक. पाणी मागताना टॅप वॉटर म्हणायला शिकवा, नुसतं वॉटर म्हटलं की विकतची बाटली येऊ शकते.

घाईगडबड:
अहो, राहायचं हॉटेल. जेवायचं नाही!

कोरा कागद:
मग तसं लिहा की. मराठी माणसाला हॉटेल म्हटलं की मिसळच दिसणार.

ओसरी:
विद्यार्थी ब्राझीलचे की पोर्तुगालचे? जाणार कुठे? पाहुणे म्हणून की नोकरीला? माप न देता ब्लाउज शिवायला टाकलाय तुम्ही. नाश्त्याला ब्राझीलमध्ये ‘काफे दा मान्यां’ म्हणतात, शब्दशः सकाळची कॉफी. पोर्तुगालात तेच ‘पिकेनु आल्मोसु’, म्हणजे छोटं जेवण. आणि ‘आपेलीदु’ जपून वापरा. पोर्तुगालात ते आडनाव, ब्राझीलमध्ये टोपणनाव. फॉर्मवरचं सरनेम असं समजावलंत तर ब्राझीलवाला तिथे टोपणनाव लिहून मोकळा होईल.

घाईगडबड:
ब्राझीलचे. लंडनला फिरायला चाललेत. पाहुणेच. आता द्या यादी.

पागोळी:
यादीचा उपयोग नाही. पिलो, ब्लँकेट चित्र दाखवूनही कळतं. ही मंडळी अडकतात ती त्यांच्या शब्दासारखा दिसणारा इंग्रजी शब्द आला की.

‘प्रेतेंदेर’ म्हणजे बेत असणं. त्यामुळे ‘आय प्रिटेंड टू स्टे थ्री नाइट्स’ असं बिनदिक्कत म्हणतात, आणि समोरच्याला वाटतं हा तीन रात्री राहण्याचं सोंग करणार. ‘आय ॲम प्लॅनिंग टू स्टे’ घोटून घ्या.

‘पुशी’ म्हणजे ओढा. दारावर पुश लिहिलेलं असलं की ओढत बसतात.

‘पेर्देर’ला हरवणं आणि चुकणं हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून शटल चुकली की ‘आय लॉस्ट द शटल’. तिथे मिस्ड हवं. किल्ली खोलीत राहिली की ‘आय फरगॉट माय की इन द रूम’, तिथे लेफ्ट.

आणि सगळ्यात जास्त कानावर येणारं: ‘तेंय’ या एका क्रियापदावर त्यांचं भागतं, म्हणून ‘हॅव वायफाय?’, ‘हॅव टॉवेल?’ ‘इज देअर’चा साचा पहिल्याच तासाला द्या, त्यावर निम्मं हॉटेल चालतं.

शेवटचा बाक:
उच्चाराचं कुणीच बोललं नाही. ब्राझीलचा माणूस शब्दाच्या सुरुवातीचा र बहुधा ह सारखा काढतो, रूमचं हूम होतं. शेवटच्या ट ला इ चिकटवतो आणि त्या इ पुढे ट चा च होतो, म्हणून हॉटचं हॉची. आधी हे सुधारा.

पागोळी:
उच्चार नंतर. लंडनच्या रिसेप्शनला जगभरचे उच्चार सवयीचे असतात.

शेवटचा बाक:
स्पेलिंग सांगताना काय करणार? पेरेरा आडनाव घ्या: पी, ई, आर, ई, आय, आर, ए. पोर्तुगीजमध्ये ई या अक्षराचं नाव ‘ए’, आणि आय या अक्षराचं नाव ‘ई’. तो ‘ए’ म्हणाला की क्लार्क ए हे अक्षर टाइप करतो, ‘ई’ म्हणाला की ई. शेवटच्या ए ला तो ‘आ’ म्हणतो, तो ब्रिटिश कानाला आर वाटतो. बुकिंग सापडेलच कसं? वर आकडे सांगताना ब्राझीलमध्ये ६ ला ‘मेया’ म्हणतात, अर्धा डझन म्हणून. तेच इंग्रजीत आणलं की खोली ६१६ ची ‘हाफ वन हाफ’ होते.

पागोळी:
हे मान्य. पण याला उच्चार नाही, अक्षरओळख म्हणतात.

उंबरठा:
आपली चावीसुद्धा पोर्तुगीज ‘शावी’वरून आली, माहीत असेलच. बादली, पाव, टॉवेल हेही त्यांचेच.

ओसरी:
टॉवेल नाही, तो आपल्याकडे इंग्रजीतून आला. पोर्तुगीज ‘तुआल्या’ त्याचा चुलतभाऊ. असो, विषयावर येऊ.

लंडन असेल तर लिफ्ट, टॅप, बिल हे शब्द द्या. एलेव्हेटर, फॉसेट, चेक नको. मजल्यांचा घोळ नाही, ब्राझीलमध्येही तळमजल्याच्या वरचा तो पहिला. डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन सुटे. ते ‘कपल बेड’ म्हणतील, कारण त्यांच्या भाषेत तो जोडप्याचा पलंग.

प्री-ऑथरायझेशनवर मात्र पंधरा मिनिटं घालवा. चेक-इनला कार्डावर रक्कम अडवून ठेवतात, पैसे कापलेले नसतात. काउंटरवर हे कळलं नाही तर माणूस दोनदा पैसे घेतले म्हणून भांडायला उभा राहतो. ‘इज दॅट अ चार्ज ऑर अ होल्ड?’ एवढा एक प्रश्न पाठ करून घ्या.

घाईगडबड:
ट्विनचं बरं झालं. दोन भाऊ आहेत बॅचमध्ये, डबल बुक करून बसलेत. पण हे सगळं त्यांना समजावायचं कसं? इंग्रजी अगदी शून्य आहे, हे सांगायचं राहिलं.

ओसरी:
पोर्तुगीजमधून समजावा.

घाईगडबड:
ते मला येत नाही. म्हणून तर यादी मागितली!