रविवारची सहल : आजवा, इमॅजिका की केवडिया

ठाण्याची आत्या: मंडळी आमची तिकिटं झाली बरं का. शनिवारी सकाळी बडोद्याला, मंगळवारी परत. मधला एक दिवस सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं म्हणजे जायचंच, नुसतं घरात बसून सेव उसळ खायला मी येत नाहीये (ती खाणारच आहे, ते वेगळं)

बंटी: इमॅजिका!!! नायट्रो!!!

दादा: बंट्या इमॅजिका खोपोलीला आहे. आत्या तिकडून इकडे येतेय आणि तू तिला उलट्या पावली परत पाठव

ठाण्याची आत्या: नको रे बाबा, आमच्याकडे पाहुणे आले की तिथेच नेतो आम्ही, मला पाठ झालंय. आमच्या वेळी एस्सेलवर्ल्ड होतं, 1989 ला सुरू झालं, गोराईला लाँचने जायचं. खरं सांगू, मला पाळण्यांपेक्षा ती लाँचच जास्त आवडायची

मधली काकू: मी म्हणते लांब कशाला जायचं, आजव्याला आतापी वॉटरपार्क आहे ने. सकाळी आरामात डबे भरून निघायचं, मुलं पाण्यात खेळतील, आपण सावलीत बसू, संध्याकाळी कारंजी बघून घरी. आईंनाही त्रास नाही

मोठे काका: आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी हे आजच्या पिढीला सांगायला पाहिजे धरणातलं पाणी उताराने शहरात येतं पंप न लावता आणि त्याला 62 दरवाजे आहेत पावसाळ्यात पाणी सोडलं की विश्वामित्री नदी भरते आणि मग मगरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये

दादा: काका मगरी नंतर. रविवार की सोमवार ते ठरवा आधी

वहिनी: डिसेंबरमध्ये वॉटरपार्क? सकाळी अंघोळीला गिझर लागतो यांना आणि तिथे तासभर पाण्यात बसणार. शिवाय तिथे नायलॉनचेच कपडे लागतात सगळ्यांना, सुती चालत नाहीत कारण धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. आता आजींना नायलॉनमध्ये कोण बसवणार ते सांगा

मधली काकू: आई पाण्यात कशाला जातील, काठावर बसतील

वहिनी: मग सात आठ तास काठावर बसून पर्सेस आणि मोबाइल सांभाळायचे का त्यांनी? हेच होतं दर वेळी काकू. तिकीट सगळ्यांचं आणि मजा चौघांची

बंटी: मग राइड्सवाल्या पार्कमध्ये चला कुठल्यापण

वहिनी: तुला चालेल, छोटीचं काय? मोठ्या राइडला उंचीची पट्टी असते, तिथे वय विचारत नाहीत. तो खांद्यावरून येणारा दांडा अंगाला नीट टेकला पाहिजे, बारकं मूल खालून निसटू शकतं. ती पट्टीखाली दोन बोटं कमी भरली की रांगेच्या तोंडाशी जो भोकाड पसरेल तो मी ऐकणार, तू वर जाऊन किंचाळणार

मी: मी एक सुचवू का, केवडिया. सरदार पटेलांचा पुतळा बघायला म्हणून नाही, तो बघूच, पण तिथे मुलांचं न्यूट्रिशन पार्क आहे ते चक्क थीम पार्क आहे, 2020 मध्ये उघडलंय. छोटी ट्रेन आहे, न्यूट्री ट्रेन, ती स्टेशनं घेत जाते, फलशाका गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण, स्वस्थ भारतम्. भाज्या, दूध, घरचं जेवण असं एकेक विषय. आरशांचा भूलभुलैया आहे, फाइव्ह डी थिएटर आहे. छोटी सगळं करू शकते आणि आजी ट्रेनमध्ये बसू शकतात

बंटी: भाज्यांचं थीम पार्क??? सुट्टीच्या दिवशी???

मी: जंगल सफारी पण आहे. आणि पुतळ्याच्या छातीपर्यंत लिफ्टने जाता येतं, तिथल्या गॅलरीतून खाली नर्मदा आणि धरण दिसतं

बंटी: ओके लिफ्ट चालेल

मोठे काका: उंची 182 मीटर आहे कारण गुजरात विधानसभेच्या जागा 182 आणि मूर्तिकार राम सुतार आपले मराठी धुळ्याजवळच्या गोंदूरचे हे मुलांना सांगायचं

मधली काकू: पण लांब पडेल ने? आणि आईंचे गुडघे?

दादा: नव्वद किलोमीटर काकू, डभोईवरून. रस्ता चांगला आहे. तिथे व्हीलचेअर मिळते, पुतळ्यापर्यंत सरकते पट्टे आहेत. आणि आत फिरायला बायका चालवतात त्या गुलाबी ई-रिक्षा

ठाण्याची आत्या: मग सोमवारी जाऊया, गर्दी कमी असेल

वहिनी: सोमवारी बंद असतं आत्या. म्हणून तर विचारतेय कधीपासून

ठाण्याची आत्या: अगं बाई. मग रविवार. अरे पण दादरहून रात्रीची ती गाडी थेट एकतानगरला, म्हणजे केवडियालाच जाते ने, आम्ही तशाच पुढे येऊ का शनिवारीच? बडोद्याला उतरायलाच नको

दादा: आणि चार बॅगा घेऊन पुतळा चढणार? शनिवारी घरी या, झोपा, जेवा. रविवारी जाऊ

मधली काकू: माझं मत अजून आजवाच आहे पण सगळे म्हणत असतील तर चालेल. आईंना विचारलं का कोणी?

दादा: विचारलं. आजी म्हणाली, "मला काय करायचेत पुतळे, तुम्ही जा, मी घरीच बरी." मग मी म्हटलं गरुडेश्वर वाटेवरच आहे. तर आता कपाटातून धूतवस्त्र काढून ठेवलंय आणि मला विचारतेय पहाटे चारला निघायचं का

ठाण्याची आत्या: टेंबे स्वामींची समाधी!! अरे हे आधी का नाही सांगितलं, माझं कधीपासून राहिलंय. 1914 ला तिथेच नर्मदाकाठी समाधी घेतली ना महाराजांनी, कुठे कोकणातलं माणगाव आणि कुठे गरुडेश्वर, आणि चालत हिंडायचे सगळीकडे

मोठे काका: मग ठरलं दत्तदर्शन आधी

वहिनी: काका आधी दर्शन चालेल पण गॅलरीचं तिकीट वेळेचं असतं, ऑनलाइन काढताना स्लॉट निवडायचा. तिथे प्रसादाला बसलो आणि स्लॉट गेला तर बंटी मला खाईल. मी दुपारनंतरचा स्लॉट बघते. साडेसहाला निघायचं, आठ साडेआठला गरुडेश्वर, दर्शन, घाटावर थोडं बसणं, मग मुलांचं पार्क, मग जेवण, मग पुतळा. जंगल सफारी यात बसत नाही, बंटी सॉरी, तिथे चालणं फार आहे

बंटी: 😐

वहिनी: लेझर शो बघून निघू, तोपर्यंत तुला मोबाइल मिळेल गाडीत

बंटी: 👍

मधली काकू: मग मी दशम्या आणि लसणाची चटणी करते. लीलो चेवडो पण घेते बाजारातून, आत्याकडे तसला मिळत नाही

मी: काकू गॅलरीत खायचं नेऊ देत नाहीत, गाडीत ठेवायचं

मधली काकू: मग गाडीतच संपवू, डभोईच्या आधी संपेल

मोठे काका: डभोईला थांबायचं का हिरा भागोळ ही जुनी वेस बघायला दगडी कोरीवकाम आहे आणि 1862 ला तिथून मियागामला नॅरोगेज रेल्वे होती बैल ओढायचे डबे

दादा: काका चालत्या गाडीतून दाखवा. थांबलो तर आजीची आरती जाईल

मोठे काका: बरं. येताना?

दादा: येताना रात्र असेल

वहिनी: सतरा सीटची ट्रॅव्हलर सांगितली आहे, ॲडव्हान्स दिलाय. तिकिटांसाठी प्रत्येकाने आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, मला पर्सनलला पाठवा. आजींचा मी काढते. आता इथून पुढे ज्याला तारीख बदलायची असेल त्याने ॲडव्हान्सचे पैसे आधी भरायचे

ठाण्याची आत्या: अगं हो पण आमच्या जावईबापूंना रविवारी
_हा मेसेज डिलीट केला गेला आहे_

ठाण्याची आत्या: काही नाही. रविवार पक्का