मिसाचे जुने आदेश कसे वाचायचे? तारखा जुळत नाहीत

भीमाकाठ

आमच्या तालुक्यातून आणीबाणीत उचललेल्या विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांची यादी करायचं काम चालू आहे. तिघांच्या कागदांवर गाडी अडली आहे.

पहिल्याचा मिसाखालचा (खटल्याशिवाय डांबून ठेवू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा) स्थानबद्धतेचा आदेश 27 जून 1975 चा, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीचा. सोबत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला सरकारचा आणखी एक कागद आहे. आणीबाणीचा परिणामकारक मुकाबला करण्यासाठी या माणसाला स्थानबद्ध ठेवणं आवश्यक आहे, एवढंच त्यात म्हटलंय. एका अटकेला दोन कागद कशाला?

दुसऱ्याचा आदेश ऑगस्टमधला. कारणं कुठेच नाहीत, स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचं नावही नाही. कागद गहाळ झाले की मुळात नव्हतेच?

तिसऱ्याला नोव्हेंबर 1975 मध्ये डीआयआरखाली (भारत संरक्षण नियमांखाली) पकडलं आणि जानेवारीत त्याच माणसावर मिसा लावला. हा कुठल्या यादीत धरायचा?

कलम_बावीस

तिन्ही कागद खरे वाटतात. तारखा कायद्याशी लावून पाहिल्या की उलगडा होतो.

आधी 1971 चा मूळ मिसा बघा. कलम 3 खाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढायचे. राज्य सरकारने 12 दिवसांत मंजुरी दिली नाही तर आदेश आपोआप संपायचा. कलम 8 प्रमाणे 5 दिवसांत, अपवाद म्हणून 15 दिवसांत, कारणं लेखी द्यायची. 30 दिवसांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यायचं, आणि मंडळाने अटकेपासून 10 आठवड्यांत अहवाल द्यायचा. कायदा कडकच होता, पण प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी उत्तर द्यावं लागत होतं.

29 जून 1975 च्या वटहुकमाने त्यात कलम 16 अ घातलं. सगळी मेख या कलमात आहे. आणीबाणीच्या मुकाबल्यासाठी स्थानबद्धता आवश्यक आहे, असं एकदा घोषित केलं की कलम 8 ते 12 त्या माणसाला लागूच होत नाहीत. कारणं कळवायची नाहीत, मंडळापुढे न्यायचं नाही. घोषणा अधिकाऱ्याची असेल तर सरकारने 15 दिवसांत तिचा आढावा घेऊन ती कायम करायची, नाहीतर ती रद्द. त्यानंतर दर चार महिन्यांनी फेरविचार, तोही सरकारनेच आपल्या दप्तरात बसून करायचा.

आता तुमचा पहिला कागद. 25 ते 29 जूनच्या दरम्यान पकडलेल्यांच्या आदेशात 16 अ येणं शक्यच नव्हतं, कारण ते कलमच नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी तरतूद केली: कलम लागू झाल्यापासून 15 दिवसांत सरकारने त्या प्रकरणांचा आढावा घेऊन घोषणा करायची. दुसरा कागद म्हणजे ही घोषणा. तिची तारीख जरूर तपासा. जुलैच्या मध्यानंतरची असेल तर मुदत उलटून गेलेली आहे, आणि तशी नोंद यादीत व्हायलाच हवी.

दुसऱ्याचे कागद हरवलेले नाहीत. 16 अ ची घोषणा असलेल्या आदेशासोबत कारणांचा कागद नसतोच. पण त्याच्या हाती कारणं दिली नाहीत म्हणजे सरकारी फाईलमध्येही ती नसतील, असं धरून चालू नका. पोलिसांचा प्रस्ताव, गुप्तवार्ता शाखेचं टिपण, ‘अमुक पक्षाचा सक्रिय कार्यकर्ता’ असा दोन ओळींचा शेरा, असं काहीतरी असायला हवं. सापडलं तर मजकुराच्या आधी तारीख वाचा. दिल्लीत सायक्लोस्टाइल केलेल्या छापील नमुन्यांवर सह्या झाल्या आणि कारणं मागाहून तयार झाली, हे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलेलं आहे. प्रस्ताव आदेशानंतरचा निघाला, तर अधिकाऱ्याची ‘खात्री पटली’ ती कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्या कागदावरच उभा राहतो.

आणखी एक. एकाच माणसाच्या नावाने दोन आदेश दिसले तर त्यातला एक चुकीचा समजून टाकून देऊ नका. 1975 च्या दुरुस्तीने आदेश मागे घेतल्यावर किंवा संपल्यावर, नवी कुठलीही बाब नसताना, पुन्हा आदेश काढायची मुभा दिली. अडवाणी, वाजपेयी, मधु दंडवते यांना 26 जूनला बंगळूरमध्ये पकडलं होतं. त्यांच्या याचिका तिथल्या उच्च न्यायालयात चालू असताना जुलैत जुना आदेश मागे घेतला आणि लगेच नव्या आदेशाने पुन्हा ताब्यात घेतलं. खालच्या कार्यकर्त्यांच्या बाबतीतही हा प्रकार शोधा. सुटकेची आणि पुन्हा दाखल झाल्याची तारीख एकच किंवा लागून असते.

तुळशीबागवाला

तिसऱ्याबद्दल सांगतो. डीआयआर म्हणजे भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियम. हा फौजदारी मार्ग आहे: गुन्हा नोंदवायचा, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, खटला चालवायचा, शिक्षा किंवा सुटका. मिसात यातलं काहीच नाही. त्यामुळे डीआयआरवाल्याचा माग पोलीस ठाण्याच्या गुन्हा नोंदवहीत आणि कोर्टात लागतो, मिसावाल्याचा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तुरुंगात.

नोव्हेंबर ही तारीखही बोलकी आहे. आणीबाणीविरोधी लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह 14 नोव्हेंबर 1975 ला सुरू झाला आणि 26 जानेवारी 1976 पर्यंत चालला. चौकात घोषणा देणारे, पत्रकं वाटणारे बहुतेक डीआयआरखाली गेले. नियम 184 मुळे जामीन अवघड होता: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री व्हावी लागे. तरीही कुणाला जामीन मिळायची चिन्हं दिसली किंवा शिक्षा संपत आली की मिसाचा आदेश तयार. तुमच्या माणसाच्या जामीन अर्जाची तारीख आणि मिसाच्या आदेशाची तारीख शेजारी ठेवून बघा.

त्याला दोन्हीकडे दाखवा, पण माणूस एकच मोजा. शहा आयोगाच्या आकड्यांत देशभर मिसाखाली 34,988 आणि डीआयआरखाली 75,818 आहेत. महाराष्ट्रात मिसाखाली साडेपाच हजारांच्या आसपास. असे दोन्हीकडचे लोक असतात, म्हणून दोन आकड्यांची बेरीज म्हणजे तेवढी माणसं, असं लिहू नका.

भीमाकाठ

दोघांचेही आभार. पहिल्याची घोषणा 11 जुलैची आहे, म्हणजे मुदतीत बसते. पण एवढं सगळं उघड दिसत असताना कोर्टात कुणालाच दाद कशी मिळाली नाही? आणि तुरुंगाच्या नोंदी मागायच्या कुठे?

कलम_बावीस

कुणालाच नाही, असं म्हणू नका. 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 14, 21 आणि 22 (समानता, जीवित व स्वातंत्र्य, अटकेतलं संरक्षण) साठी कोर्टात जायचा हक्क स्थगित केला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी हेबियस कॉर्पस याचिका (डांबलेल्या माणसाची अटक कायदेशीर आहे का, हे कोर्टाने तपासावं म्हणून केलेला अर्ज) ऐकता येतात असं सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आदेश मिसाच्या चौकटीत बसतो का, तो काढणारा अधिकारी सक्षम आहे का, दुष्ट हेतू आहे का, एवढं तरी बघता आलंच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 1975 मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या प्रकरणात सरकारविरुद्ध निकाल दिला. पुढे त्या खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींची गुवाहाटीला बदली झाली, दुसऱ्यांना सत्र न्यायालयात परत पाठवलं.

28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने या याचिकांवरच्या जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक असा निकाल देऊन ती दारं बंद केली. न्या. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. तो निकाल 2017 च्या पुट्टस्वामी (खासगीपणाच्या हक्काच्या) प्रकरणात स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरला. म्हणून यादीत सुटकेच्या रकान्यात ‘एप्रिल 1976 पूर्वी की नंतर’ हे टिपा. याचिका दाखल झाली होती का, हेही विचारा.

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटत असेल तर अनुच्छेद 22 उघडून बघा. 44 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 21 आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही, ही मोठी गोष्ट झाली. पण सल्लागार मंडळाशिवाय डांबून ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारं, आणि मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने करणारं त्या दुरुस्तीतलं कलम केंद्राने अजूनही लागू केलेलं नाही. 1978 पासून ते नुसतं छापून पडलं आहे. कुठल्याच पक्षाच्या सरकारने ते लागू केलं नाही, याचा मनस्वी राग येतो.

जुनी_फाईल

नोंदींसाठी माहिती अधिकारात तीन वेगळे अर्ज करा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे आदेश, घोषणा आणि पोलीस प्रस्ताव मागा. ज्या कारागृहात ठेवलं तिथे (येरवडा, नाशिकरोड, ठाणे, नागपूर अशा ठिकाणी मिसाबंदी होते) बंदी नोंदवहीचा उतारा, पॅरोलच्या नोंदी आणि बदली वॉरंट मागा. तिसरा अर्ज मंत्रालयात गृह विभागाकडे, चार महिन्यांच्या फेरविचाराच्या टिपणांसाठी.

महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. ‘आणीबाणीची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत की अर्ज ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ या शेऱ्यानिशी परत येतो. नाव, गाव, आदेशाचा क्रमांक, तारीख, कारागृह एवढंच घाला. गोपनीय म्हणून नकार आला तर कायद्याचं कलम 8(3) दाखवा: 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती रोखायला थोडेच अपवाद उरतात, आणि ‘तपासात अडथळा येईल’ हा त्यातला नाही. ‘अभिलेख नष्ट झाला’ असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या नोंदीची आणि त्या आदेशाची प्रत मागा. पहिल्या अपिलाला 30 दिवस आणि 20 रुपये.

राज्याने 2018 मध्ये मिसाबंदींना मानधन सुरू केलं, 2020 मध्ये बंद केलं, 2022 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्यासाठी आलेले अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातच आहेत आणि त्यांना तुरुंगाचे दाखले जोडलेले असतात. पण त्या यादीवर विसंबू नका. अर्ज न केलेले आणि त्याआधीच वारलेले लोक तिच्यात सापडायचे नाहीत. बंदी नोंदवहीच्या उताऱ्यात मात्र दाखल क्रमांक, आदेशाचा क्रमांक आणि सुटकेची तारीख एकाच ओळीत मिळते, म्हणून सुरुवात कारागृहाच्या अर्जापासून करा.