मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या खोलीतली बुरशी

समुद्राजवळचं जुनं घर. भिंती बंगारूशच्या, म्हणजे चुन्यात चकमकीचे दगड आणि विटांचे तुकडे. खिडकीला एकेरी काच. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) सकाळी ७८ टक्के दाखवतो आणि कपाटामागे काळी बुरशी. कपाट चार बोटं पुढे ओढलंय, कपडे आत वाळत घालणं बंद. ब्लीचने डाग जातो, पंधरवड्यात परत हजर, कारण भिंत गारच राहते.

आता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र घ्यायचंय. खोलीत जेमतेम १२ अंश. अशा थंडीत कॉम्प्रेसरवाला (फ्रिजसारखा, हवा गार करून पाणी काढणारा) कमी पाणी ओढतो. डेसिकंटवाला (ओल शोषणारा पदार्थ वापरणारा) ओढतो, पण वीज खातो, आणि बिल भाड्यात धरलेलं नाही! १० चौरस मीटरला कोणता परवडेल? शिवाय चुन्याच्या भिंतीला बुरशीरोधक रंग चालतो, की ओल आतच कोंडते?