विंडोज ११ : मांडणी बदलावी की हाताची सवय?

मुद्रितशोधक : विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून आमच्या कार्यालयाने सर्व संगणक विंडोज ११ वर नेले, मात्र ते कोणत्या दिवशी होणार हे कोणी आधी सांगितले नाही, आणि ऐन पुस्तक छपाईला जाण्याच्या आठवड्यात मला नव्या मांडणीवर काम करावे लागले. माझ्यासमोर एका वेळी वर्डमध्ये आठ-दहा प्रकरणे उघडी असतात. पूर्वी खालच्या पट्टीवर प्रत्येकाचे नाव वाचता येत असे. आता ती सारी एका चिन्हाखाली गोळा होतात. फाइलीवर राइट क्लिक केले की ‘रिनेम’ (नाव बदलणे) हा शब्दच दिसत नाही, वरच्या ओळीत नुसती चित्रे दिसतात. जुनी मांडणी परत आणावी, की हाताला नवे वळण लावावे?

संगणकसेवक : टास्कबारच्या, म्हणजे त्या खालच्या पट्टीच्या, सेटिंगमध्ये ‘अलाइनमेंट’ डावीकडे केले की स्टार्टचे बटण जुन्या कोपऱ्यात जाते. तिथेच खिडक्या एकत्र न करण्याचा पर्यायही आहे; तो निवडल्यास प्रत्येक प्रकरणाचे नाव पुन्हा वेगळे दिसेल. चित्रांखाली शब्द २४एच२ या आवृत्तीपासून आले, त्याअर्थी आपल्याकडे त्याआधीची आवृत्ती असावी. तोवर नाव बदलण्यासाठी फाइल निवडून एफ२ दाबावे, आणि जुना मेनू हवा असेल तेव्हा शिफ्ट धरून राइट क्लिक करावे.

जुना वापरकर्ता : वरील उपाय योग्यच आहेत, परंतु हा प्रश्न केवळ सवयीचा आहे असे मला वाटत नाही. विंडोज ९५ पासून रुळलेले स्टार्टचे बटण २०१२ मध्ये विंडोज ८ ने काढून टाकले आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, तेव्हा फाइल ओढून टास्कबारवरील प्रोग्रामवर नेण्याची सोय तिच्यात नव्हती. ती २०२२ मध्ये परत आली. आपण विचारलेला, खिडक्या वेगळ्या ठेवण्याचा पर्यायही लोकांनी सतत मागितल्यानंतर २०२३ मध्येच मिळाला. दिवसभर एकच काम करणाऱ्याचा हात न पाहता कळेपाशी जातो, आणि ती जागा हलवली की त्याचे लक्ष मजकुरावरून उडते. म्हणून विंडोज आणि एफ या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टला अडचणी कळवण्याच्या अ‍ॅपमध्ये आपली अडचण अवश्य लिहावी. नुसते ‘नवे आवडले नाही’ असे न लिहिता कोणते काम कुठे अडते ते सांगावे.

भाषांतरकार : माझा अनुभव थोडा वेगळा आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आल्यापासून मूळ मजकूर, अनुवाद आणि कोश यांचे फोल्डर मी एकाच खिडकीत ठेवते आणि त्यामुळे माझे काम खरोखर हलके झाले आहे. सगळेच जुने परत आणण्याची घाई करू नये, अशी माझी विनंती आहे.

मुद्रितशोधक : सर्वांचे मनापासून आभार. स्टार्टचे बटण डावीकडे घेतले आणि खिडक्याही वेगळ्या केल्या. प्रकरणांची नावे आता दिसतात. एफ२ ची कळ मात्र मला पूर्वीपासून ठाऊक असायला हवी होती, ती आज दिवसभर वापरली. टॅब छपाईचे काम संपल्यावर करून पाहीन.