पाठीवरचे साल आणि कानाजवळचा हिरवा डाग

बाहुल्यांच्या संग्राहकांच्या संमेलनात जुनी बार्बी विकत घेताना तिचे वय ओळखण्यासाठी पाठीवर कोरलेले साल पाहावे, असे सुचवले जाते. त्यात थोडी दुरुस्ती हवी. पाठीवरचे १९६६ हे साल त्या शरीररचनेच्या स्वामित्वहक्काचे असून, बाहुली घडवल्याचे नव्हे, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या बाहुलीवरही ते आढळते. मीही पहिल्या संमेलनात याच सालाला भुलून नको तेवढे पैसे मोजले होते. त्यापेक्षा केस बाजूला सारून कान पाहावेत, कारण जुन्या कर्णफुलांतील धातूमुळे विनाइलवर, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकवर, हिरवट डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही. अर्थात, बाहुलीला हात लावण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी. बाहुली चिनीमातीची असेल तर विक्रेत्यालाच उचलू द्यावी.