वावरात निघाली लोखंडी तोफ: साफ कशी करू अन् गाडा कसा बनवू?

हिंगण्याचा_लेथवाला

राम राम मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. भंगारातली जुनी ऑइल इंजिनं आणायची अन् फिरती करायची, हा माझा रविवारचा उद्योग. आता जरा मोठं प्रकरण हाती आलं आहे. मौदा तालुक्यात कन्हानच्या काठाला काकांचं वावर आहे. तिथं शेततळं खोदताना जेसीबीच्या बकेटमध्ये तोफ आली. काकांना आधी बोअरचा जुना पाइप वाटला. भंगारवाल्याला मात्र बरोबर समजलं. तो दुसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन हजर. धर्मकाट्यावर वजनही करून झालं, तेवढ्यात मी पोचलो म्हणून वाचली. आता काकांच्या गोठ्यात आहे.

लांबी पाच फूट. तोंडाचं भोक व्हर्नियरनं ९४ मिमी भरलं. दोन्ही अंगांना जाड खुंट आहेत. बुडाकडं बत्तीच्या भोकाजवळ इंग्रजी आकडे कोरलेत: ८, मग २, मग १४. वजन मातीसकट ४४० किलो. तोंडातून सळई घातली तर बत्तीच्या भोकाच्या ११ इंच अलीकडंच अडते.

गाव म्हणतं भोसल्यांची आहे, सीताबर्डीच्या लढाईतली. मला विचारायचं ते असं: ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकाचक केली तर चालेल का? आतलं अडकलेलं लांब ड्रिलनं काढू का? वरून कोणता रंग द्यावा? अन् सागवानी गाडा बनवायचा तर माप कुठून घ्यायचं?

निवृत्त_टर्नर_वाडी

भाऊ, आधी ते ड्रिल खाली ठेवा. बाकीचं मग बोलू.

मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत टर्नर होतो. तोफगोळ्यांची रिकामी शेलं लेथवर उतरवण्यात नोकरी गेली, त्यामुळं या विषयात जरा जास्तच बोलतो, चालवून घ्या.

तुमचे आकडे मोठे मजेचे आहेत. ते वजन आहे. इंग्रजांच्या ओतीव तोफांवर वजन असं तीन तुकड्यांत कोरत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. तुमचं गणित: ८९६ अधिक ५६ अधिक १४, झाले ९६६ पौंड. किलोत ४३८. गंजानं थोडं खाल्लं, मातीनं थोडं भरलं, अन् धर्मकाटा ४४० सांगतो. ओतणाऱ्यानं अन् भंगारवाल्यानं एकच वजन सांगावं, असं रोज होत नाही.

सहा पौंडी तोफेचं, म्हणजे सहा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या तोफेचं, भोक ३.६७ इंच, म्हणजे ९३ मिमीच्या आसपास. गंजलेल्या नळीत तुमचं ९४ बसतं. म्हणजे सहा पौंडी इंग्रजी घडणीची तोफ, लहान जातीची. खुंटांची सपाट टोकं ओल्या फडक्यानं हलकेच पुसून बघा. ओतशाळेची खूण, नंबर, कधी साल पण तिथंच सापडतं.

आता गावाच्या म्हणण्याचं. सीताबर्डीची लढाई भोसले अन् इंग्रजांची, २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची. त्यात दोन्हीकडून तोफा चालल्या. कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळानं त्यात भोसल्यांच्या दोन तोफा हिसकावल्या, हेही खरं. पण तुमची तोफ त्यातली, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. इंग्रजी घडणीच्या तोफा देशी दरबारांकडं पण होत्या, अन् तुमच्या वावरावरून नदीच्या वरल्या अंगाला कामठीची छावणी १८२१ पासून आहे. कोणाचीही असू शकते. गावाला सांगू नका, वाईट वाटेल.

खरी काळजी त्या ११ इंचांची. सहा पौंडी गोळा साधारण साडेतीन इंचाचा. त्याच्या मागं दीड पौंड बारूद भरली तर नळीत चारेक इंच जागा खाते. वर दोन्हीकडचा बोळा, म्हणजे बारूद अन् गोळा जागेवर धरणारी डाट. बेरीज करून बघा, दहाच्या घरात जाते. नुसता गाळ पण असेल, नाही असं नाही. पण भरलेलीच पुरली असेल तर? काळी बारूद ओली झाली की त्यातला सोरा विरघळून जातो अन् ती मरते. बोळा घट्ट बसला असेल अन् ओल पोचली नसेल, तर दोनशे वर्षांनी पण ती बारूदच असते. ड्रिलची उष्णता, ग्राइंडरची ठिणगी, वेल्डिंग, काहीच नको. सळई पण पुन्हा ठोसू नका. तोंड मोकळ्या मातीच्या ढिगाकडं करून ठेवा. तोंडासमोर अन् बुडामागं कोणी बसायचं नाही. जनावरं गोठ्यातून हलवा. मग पोलीस ठाण्यात कळवा. बॉम्बशोधक पथक येऊन पाहील, ते त्यांचं रोजचं काम आहे.

वकीलताई_सिव्हिल_लाइन्स

टर्नरकाकांनी जिवाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, की १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठं, कधी, एवढं लिहायचं. अर्ज आजच द्या, पोच घ्या. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर त्यातल्या मालाची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. काकांना हे सांगा, भंगारवाल्यापुढं त्यांचा जीव जरा थंड होईल.

विकायचा विचार तर सोडाच. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, तिच्या धंद्याला परवाना लागतो. तिसरं, शस्त्र कायद्यात तोफखाना प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो. जुनी असून दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही, अशा शस्त्राला सूट आहे. पण ती तशी आहे हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं. मग "चालू करून बघतो" असलं काही इथं लिहू नका बरं.

गडवाट_विदर्भ

आमचा ग्रुप गडांवर श्रमदान करतो. लेथवाले भाऊ, तुमचा हात चांगला दिसतो म्हणून स्पष्ट लिहितो: पथकानं मोकळं केल्यावरसुद्धा वायर ब्रश नको. ओतीव लोखंड जमिनीत मुरलं की वरचा थर मऊ पडतो. अक्षरं, मुकुट, बाण, सगळं त्याच थरात असतं. ग्राइंडर एकदा फिरला की ८-२-१४ गेलं समजा. बांबूची काडी अन् नायलॉनचा ब्रश घ्या, सावलीत हळूहळू वाळू द्या. वाळल्यावर नारिंगी थेंब फुटायला लागले तर आत क्षार आहेत, तिथं थांबा अन् जाणकाराला दाखवा. नाही फुटले तर टॅनिक ॲसिडचा पातळ हात द्यायचा. गंज निळसर काळा होऊन बसतो. आपल्या हिरड्यात अन् बाभळीच्या सालीत तेच असतं, पण काढा उकळत बसू नका, शुद्ध पावडर मिळते. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ऑइल पेंट अजिबात नको. चौकाचौकांतल्या काळ्या चकचकीत तोफा बघा, रंगाखाली पापुद्रे सुटलेले असतात.

गाड्याचं माप तोफेवरूनच निघतं: खुंटाची जाडी, दोन खुंटांमधलं अंतर, खुंटापासून बुडापर्यंतची लांबी. किल्ल्यावरचा गाडा चार छोट्या चाकांचा, मैदानी तोफेचा दोन मोठ्या चाकांचा. तुमचं सागवान आलापल्लीकडचं मिळालं तर सोनंच. तोफ सिमेंटच्या ओट्यात रोवू नका, ओल धरते. तोंड जरा खाली झुकतं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात नळीत पाणी साचतं.

अन् हौस मोठीच असेल तर आमच्यासोबत या. नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ पाहिली का? सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडं आहे, पण २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्टला लोकांना खुला असतो, तिथून सुरुवात करा. गावोगाव ओट्यावर, झाडाखाली पडलेल्या तोफा आहेत. परवानगी काढून त्यांचं मोजमाप करायला अन् गाडे बनवायला लेथवाला माणूस आम्हाला हवाच आहे.

हिंगण्याचा_लेथवाला

सगळ्यांचे आभार. अर्ज दिला, पोच घेतली. पोलिसांनी गोठ्याला दोरी बांधली, पथक उद्या येतं म्हणाले. म्हशी शेजाऱ्याकडं बांधल्या आहेत. खुंटाचं टोक बाहेरूनच टॉर्चनं पाहिलं, काहीतरी अक्षर आहे पण अजून लागत नाही. पथक जाऊ द्या, मग फोटो टाकतो.

टर्नरकाका, गावाला सांगितलं नाही. पण भंगारवाल्यानं सांगितलं, "इंग्रजांची आहे, भाव कमी लागेल." आता अर्धं गाव त्याच्यावर चिडून आहे.

निवृत्त_टर्नर_वाडी

फोटो काढताना उजेड एका बाजूनं पडू द्या, समोरून नको. अन् टोकावर पट्टी ठेवून काढा. बघू कोणती ओतशाळा निघते.